तार लावल्यावर हसायचं कसं?

दातांच्या तारांविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

माझी मुलगी नववीत आहे. वरचे दात पुढे असल्यामुळे ती तोंडावर हात धरून हसायची. चार महिन्यांपूर्वी तार बसवली, तर आता ती हसतच नाही. शाळेच्या फोटोतही ओठ घट्ट मिटून उभी आहे. आमचं चुकलं का? – एक आई, सातारा

ताई, तुमचं चुकलेलं नाही. मात्र हा मधला काळ मुलीसाठी सगळ्यांत अवघड असतो, हे तिला कुणी आधी सांगितलं नसावं. तार धरणारे ब्रॅकेट दातांवर बसले की त्यांच्या जाडीमुळे ओठ आणखी थोडे पुढे येतात. पहिल्या काही महिन्यांत दात नुसते ओळीत येत असतात, मागे जात नाहीत. जागेसाठी दात काढले असतील तर आधी नव्हत्या त्या फटीही दिसू लागतात. म्हणजे ज्या गोष्टीची लाज वाटत होती, तीच आरशात अधिक ठळक दिसते.

यात घाई करता येत नाही. दात हाडात घट्ट रोवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ पडदा असतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. या गतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवला तर वेग वाढत नाही, उलट मुळाला इजा होते. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात.

शेवटी बदलतं ते मात्र दातांपुरतं नसतं. पुढे आलेल्या दातांवर ओठ मिटायला आत्ता तुमच्या मुलीला हनुवटीचा स्नायू ताणावा लागत असेल. तिथली कातडी आक्रसलेली दिसते का, पाहा. दात मागे गेले की ओठ आपोआप टेकतात, हनुवटी सैल होते आणि चेहरा शांत दिसू लागतो. पुढे आलेले दात सायकलवरून किंवा मैदानात पडल्यावर मोडण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे हा उपचार निव्वळ दिसण्यासाठी आहे असं समजू नका.

तोंडावर जाणारा हात तार काढल्यावरही काही दिवस तसाच जात राहतो, कारण ती वर्षांची सवय असते. तिला ‘हस ना’ म्हणू नका. घरात किंवा वर्गात कुणी चिडवतं का, याची हळूच चौकशी करा आणि चिडवणाऱ्याला थांबवा. ब्रॅकेटवरच्या रबरी कड्यांचा रंग दर भेटीला तिला निवडू द्या. तोंड तिचं आहे. उपचारात मत विचारलं गेलं की मुलं तार लपवायचं सोडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दिसू नयेत म्हणून हट्टाने सिरॅमिक ब्रॅकेट घेतले. आठवड्यात पिवळे पडले! – दहावीची विद्यार्थिनी, सांगली

ब्रॅकेट पिवळे पडलेले नाहीत गं. पिवळ्या पडल्यात त्या त्यांच्यावरच्या पारदर्शक रबरी कड्या. हळदीचा रंग रबरात मुरला की ब्रशने निघत नाही. कड्या दर भेटीला बदलल्या जातात, तेव्हा पुढच्या वेळी फिकट राखाडी माग. त्यांवर डाग कमी दिसतो. जेवणातली हळद सोडायची गरज नाही.

मला काळजी वेगळ्या डागांची आहे. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिलं की दाताच्या कवचातला चुना झिजतो आणि तार काढल्यावर प्रत्येक दातावर खडूसारखा पांढरा चौकोन उमटलेला दिसतो. दात सरळ झाले तरी हसू डागाळतं, आणि हे डाग पूर्ण जातीलच असं नाही. म्हणून प्रत्येक खाण्यानंतर ब्रश, आणि तारेखालून जाणारा छोटा ब्रश रात्री एकदा. बेदाणे, चिक्की, कंदी पेढे खाल्ले की लगेच खळखळून चूळ. ऊस दातांनी सोलायचा नाही, ब्रॅकेट हमखास निघतो. भडंग खायचंच असेल तर त्यातले शेंगदाणे बाजूला काढ.

मुलाचा वरचा सुळा दातावर दात होऊन आला आहे. आई म्हणते, असा मुलगा भाग्यवान असतो, हात लावू नका. डॉक्टर म्हणतात चार चांगले दात काढावे लागतील. नजरेवर परिणाम होईल का? – एक वडील, कराड

नजरेवर काहीही परिणाम होत नाही. दातांच्या संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची वेगळी. वरचा दात काढला की डोळा अधू होतो ही भीती आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिच्यापायी अनेक मुलांचे उपचार अडतात.

सुळा अकराव्या ते तेराव्या वर्षी, म्हणजे पुढच्या दातांत सगळ्यांत शेवटी येतो. तोवर जागा संपलेली असली तर तो वर चढून बसतो. आजींचा मान राखून सांगतो, असा सुळा सुंदर मानणारे लोक इतरत्रही आहेत. जपानमध्ये तो गोड समजतात आणि काही तरुणी मुद्दाम तसा दात लावूनही घेत. त्यामुळे मुलाला तो आवडत असेल आणि स्वच्छ राहत असेल, तर तार लावलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण त्या आडोशाला घास अडकून कीड आणि हिरड्यांची सूज येत असेल तर जागा करणं भाग आहे. त्यासाठी सहसा सुळ्यामागची पहिली उपदाढ काढतात. प्रत्येकाचे दात काढावे लागतातच असं नाही. एक्स-रे आणि दातांचे ठसे पाहून ते ठरतं. मन मानत नसेल तर दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचा सल्ला घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

खर्चाचा प्रश्न असेल तर कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचं आणि सांगलीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. फेऱ्या जास्त पडतात, पैसे सहसा कमी लागतात.

मी शास्त्रीय गायन शिकते. तारेने उच्चार बिघडतील का? – मिरज

बाहेरच्या बाजूच्या तारेने फारसे नाही. जीभ काही दिवसांत सरावते. टाळूवर बसणारी प्लेट किंवा दातांच्या आतली तार असेल तर स, त, द सुरुवातीला अडखळतात. परीक्षा किंवा मैफल जवळ असेल तर डॉक्टरांना आधी सांग. तार त्यानंतर बसवता येते.

पुढच्या दोन दातांतली फट रबरबँड बांधून बंद होते, असं मैत्रीण म्हणाली. व्हिडिओही पाहिला. – कॉलेजची विद्यार्थिनी, विटा

आत्ता बांधलेलं असेल तर आजच दंतवैद्याकडे जा. दात मुळाकडे निमुळता होत जातो. त्यामुळे रबर हळूहळू हिरडीखाली सरकतं, डोळ्यांना दिसेनासं होतं आणि आत हाड खात राहतं. फट बंद झाल्यासारखी वाटते आणि काही काळाने दोन्ही निरोगी दात हलू लागतात. असे दात गळून पडल्याच्या नोंदी आहेत. थायलंडमध्ये फॅशन म्हणून बाजारात मिळणाऱ्या नकली तारांवर सरकारला बंदी घालावी लागली होती. तार लावणाऱ्याकडे ऑर्थोडॉन्टिक्समधली एमडीएस पदवी आणि दंत परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नकोस.

मुलगी सोळा वर्षांची. पुढे स्थळं येतील म्हणून आत्ताच दात सरळ करून घ्यावेत, असं घरात ठरलं आहे. तार काढल्यावर दात पुन्हा पुढे येतात म्हणे? – वाई

‘घरात ठरलं’ या वाक्यात मुलगी कुठे आहे, हे मला पत्रात सापडलं नाही. तिला हवं असेल तर जरूर करा. तिला नको असेल आणि चावायला, स्वच्छतेला अडचण नसेल, तर थांबा. तार कोणत्याही वयात लावता येते, पंचविशीत तिने स्वतःहून मागितली तरी उशीर झालेला नसेल. मनाविरुद्ध तार लावलेली मुलं ब्रश करत नाहीत, भेटी चुकवतात, आणि निकाल बिघडतो.

आता दुसरा प्रश्न. होय, दात परततात. हिरडीतले ताणलेले तंतू स्थिरावायला वर्षभर तरी लागतं, तोवर ते दाताला जुन्या जागी ओढतात. त्यासाठी दातांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर असतो. आधी डॉक्टर सांगतील तितके तास, मग काही वर्षं रात्री. खालच्या दातांमागे बारीक तार कायमची चिकटवली तर उत्तम. रिटेनर गरम पाण्याने धुऊ नये, तो वाकडा होतो. जेवताना काढून कागदात गुंडाळला की उष्ट्याबरोबर फेकला जातो, म्हणून त्याची डबी दप्तरात असू द्या. हरवला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात नवा करून घ्या.