गोणी, पेटी आणि ग्राइंडरचं गार्ड

'वर्कशॉप प्रॅक्टिस' हा विषय आपण सगळेच पहिल्या वर्षी शिकतो. जॉब घासतो, जर्नल लिहितो, सही घेतो आणि विसरून जातो. त्या विषयात हत्यार कसं धरायचं हे शिकवतात, पण एका जागेवरून दुसऱ्या जागी कसं न्यायचं यावर माझ्या जर्नलमध्ये एक ओळही नव्हती. ती ओळ मी मोहर्लीला शिकलो आणि तिची किंमत माझ्या रूममेटने मोजली. म्हणून हा लेख.

मोहर्ली ठाऊक नाही असा आपल्याकडे विरळाच. ताडोबाला जाणारे बरेच पर्यटक याच गेटने आत जातात. चंद्रपूरहून दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी करत तिसेक किलोमीटरवर गाव. एका अंगाला इरई धरणाचं पाणी, बाकी चहूकडे जंगल. आम्ही हॉस्टेलचे नऊ जण तिथे पाच दिवसांसाठी गेलो होतो. काम साधं होतं. शाळेचे लोखंडी बाक गंजले होते. कुजलेले पाय कापायचे, नवे जोडायचे, फळ्या बदलायच्या. एकूण २२ बाक.

गोणी

हत्यारं गोळा करायची आणि बांधायची जबाबदारी माझ्याकडे होती. एक ४ इंची अँगल ग्राइंडर, एक कॉर्डवाली ड्रिल मशीन, एक बॅटरीवाली, हातोड्या, पाने, कटिंग डिस्क, स्क्रू. पहाटेची घाई होती. मी सरळ दोन गोण्या घेतल्या आणि हाताला येईल ते भरलं. ग्राइंडर काही केल्या नीट बसेना, त्याचं गार्ड आणि बाजूची मूठ अडत होती. मी दोन्ही काढली. मूठ गोणीत टाकली. गार्ड खाटेखाली राहिलं.

गोणी एसटीत शेवटच्या सीटखाली ढकलली. रस्ता आपल्या ओळखीचाच. कटिंग डिस्क तळाशी, त्यावर ड्रिल, त्यावर हातोडी. सगळं तासभर एकमेकांवर आदळत गेलं.

गावात पोहोचल्यावर गोणी ओतली तेव्हा रूममेट म्हणाला, "काहून बे, गार्ड कुठं ठेवलं?" मी म्हटलं, राहिलं वाटतं. परत आणायला एक पूर्ण दिवस जाणार होता, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्याने दुचाकीवर जायचं नाही हे गावकऱ्यांनी बजावलंच होतं. "दोन-चार कटच तर मारायचे आहेत," हे वाक्य कोण बोललं ते आता आठवत नाही. बहुधा मीच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास डिस्क फुटली. आवाज फटाक्यासारखा झाला. एक तुकडा भिंतीवर गेला, दुसरा रूममेटच्या डाव्या हाताच्या कोपराखाली. गॉगल त्याने घातला होता म्हणून डोळ्यांची काळजी उरली नाही. जीपने चंद्रपूरला नेलं, सात टाके पडले. हात आता ठीक आहे, खूण आहे. तो मला कधी काही बोलला नाही, पण शर्टाची बाही वर केली की ती खूण मला दिसते.

डिस्क का फुटली?

नंतर शांतपणे हिशेब केला. ४ इंची ग्राइंडर बिनभाराने मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो. डिस्कचा व्यास १०० मिमी. म्हणजे कडेचा वेग π × ०.१ × ११,००० ÷ ६०, सुमारे ५८ मीटर प्रति सेकंद. ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त! या वेगाने ५ ग्रॅमचा तुकडा सुटला तर त्याची ऊर्जा ८.४ ज्यूल. एक किलोचं वजन कमरेच्या उंचीवरून पायावर पडावं, साधारण तेवढी. फरक इतकाच, की इथे ती एका धारदार कडेवर एकवटलेली असते.

चांगल्या डिस्कला हा वेग जड नाही. तिच्यावर ८० मीटर प्रति सेकंद अशी कमाल मर्यादा छापलेली असते. पण ती मर्यादा धड असलेल्या डिस्कची. हातोडीखाली आपटून केसाएवढी चीर गेली की तो आकडा निरर्थक होतो. बेंच ग्राइंडरचं जाड दगडी चाक टिचकी मारून तपासता येतं, धड चाक खणखणीत वाजतं. रेझिनच्या पातळ कटिंग डिस्कवर ही परीक्षा भरवशाची नाही. ती डोळ्यांनीच तपासावी लागते: चीर, उडालेली कड, ओल. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीखही असते, कारण रेझिन हवेतल्या दमटपणाने कमजोर होतं.

म्हणजे अपघात अकरा वाजता झाला असं आपण म्हणतो, पण तो सुरू झाला होता पहाटे, मी गोणी भरत असताना. गार्ड तेव्हाच मागे राहिलं आणि डिस्क तेव्हाच दबली. हत्यारांची बांधाबांध हा कामाआधीचा किरकोळ भाग नाही, तो कामाचाच भाग आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी तपशील आहे, पण तपशील महत्त्वाचा आहे.

काकांची पेटी

राहिलेले तीन दिवस ग्राइंडर बंद. करवतीने कापून आम्ही कसेबसे नऊ बाक केले. फळ्यांसाठी गावातले एक म्हातारे सुतारकाका मदतीला येत. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. पटाशा लहान-मोठ्या क्रमाने, प्रत्येकीला चामड्याचा कप्पा. रंध्याला खाचा, गिरमिटाला खुंटी. संध्याकाळी काका पेटीकडे एक नजर टाकत आणि झाकण लावत.

मी विचारलं, "काका, मोजत नाही का?"

"हत्यार काय मोजतं बाबू, जागा पाय," काका म्हणाले. "खाली जागा दिसली म्हणजे काहीतरी राह्यलं."

आठ सेमिस्टरमध्ये ऐकलेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. गोणीत काय नाही ते दिसत नाही. पेटीत दिसतं. रिकामा खाचा बोलतो.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. न्हाव्याची धोकटी आठवा. वस्तरा, कैची, आरसा, ज्याची त्याची जागा. आणि एकावर एक बसणाऱ्या पेट्या म्हणाल तर आपला जेवणाचा डबा दुसरं काय आहे? प्रत्येक पुडाचा घेर सारखा, म्हणून कुठलाही पूड कुठेही बसतो, आणि कडी लावली की चारही पूड मिळून एकच वस्तू होते.

बाहेर काय चाललंय

परत आल्यावर मी वाचायला लागलो. जर्मनीतल्या टॅनोस कंपनीने १९९३ मध्ये 'सिस्टेनर' नावाची प्लॅस्टिकची पेटी आणली. उंची वेगवेगळी, तळ मात्र ठरलेला, साधारण ४० × ३० सेंमी. हाच आकार का? युरोपात मालवाहतुकीचं पॅलेट १२० × ८० सेंमीचं असतं. त्यावर ४० × ३० च्या बरोबर आठ पेट्या बसतात, एक बोटही जागा वाया जात नाही. २०१० मध्ये त्यांनी एकच फिरती कळ दिली, जिने झाकणही लागतं आणि वरची पेटीही जोडली जाते. माकिताच्या पेट्या याच मापात बसतात. मिलवॉकीने २०१७ मध्ये 'पॅकआउट' आणलं, ते धूळ-पाण्याला जास्त टिकतं. मात्र प्रत्येक कंपनीची कडी वेगळी. एकीची पेटी दुसरीवर अडकेलच असं नाही. कोणी विकत घेणार असेल तर आधी एक पद्धत ठरवा, मग त्याच पद्धतीत वाढवा.

आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. आम्ही १२ मिमी प्लायवूडच्या पाच पेट्या वर्कशॉपमध्ये बनवल्या. तळ ४० × ३०, उंची साधारण २० सेंमी. प्रत्येकीच्या झाकणावर चार पट्ट्या, ज्यांच्या आत वरच्या पेटीचा तळ बसतो, आणि दोन्ही बाजूंना ट्रंकेला असतात तशा कड्या. आत चपलेच्या सोलचं रबर हत्याराच्या आकारात कापून. खाचांच्या तळाला लाल रंग, म्हणजे रिकामी जागा लांबूनही डोळ्यात भरते.

पेटी भरताना

आम्ही ठरवलेले नियम असे:

१. आधी हत्याराचं माप, मग पेटी. ग्राइंडरचं माप गार्ड आणि मूठ लावूनच घ्यायचं. पेटीत बसत नाही म्हणून गार्ड काढायचं नाही, पेटी मोठी करायची.

२. ग्राइंडर ठेवण्यापूर्वी प्लग काढा, चाक पूर्ण थांबू द्या, डिस्क उतरवा. डिस्क वेगळ्या कप्प्यात, आडव्या, कोरड्या, वर काहीही वजन न ठेवता.

३. ड्रिलची चकची किल्ली दोरीने ड्रिलच्या वायरला बांधा. तिच्याएवढं हरवणारं हत्यार जगात दुसरं नाही.

४. बॅटऱ्या स्वतंत्र पेटीत. १८ व्होल्टची बॅटरी म्हणजे ३.६ व्होल्टच्या सेलची पाचाची माळ. ५ अँपिअर-अवरची असेल तर तिच्यात ९० वॉट-अवर, म्हणजे ३ लाख २४ हजार ज्यूल ऊर्जा असते. सुटे स्क्रू आणि खिळे तिच्या टोकांशी आले तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. टोकांवर टोपी लावा. आणि आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर असताना, बंद गाडीत बॅटरी ठेवू नका.

५. एका पेटीचं वजन १२ किलोच्या आत. पाच पेट्या एकमेकींना अडकतात म्हणून पाचही एकदम उचलायच्या असा अर्थ होत नाही. कंबर आपलीच आहे.

६. गॉगल, हातमोजे, प्रथमोपचार आणि सामानाची यादी सर्वांत वरच्या पेटीत. जड खाली हवं, लवकर लागणारं वर हवं, या दोन नियमांचं सहसा जमत नाही. सुरक्षेचं सामान हलकं असतं आणि सगळ्यात आधी लागतं, त्यामुळे इथे छान जमतं.

गाडीत ठेवताना

इथे आपलं मेकॅनिक्स कामाला येतं. पाच पेट्यांची एक मीटर उंच चळत घ्या. सगळ्या सारख्या वजनाच्या असतील तर गुरुत्वमध्य ५० सेंमीवर. गाडीच्या दिशेने ३० सेंमीची बाजू ठेवली तर गुरुत्वमध्यापासून कडेपर्यंत १५ सेंमी. १५ ÷ ५० = ०.३. म्हणजे ०.३g एवढ्या मंदनाला चळत उलटायला लागेल. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर मंदन याच्या दुप्पट सहज होतं, आणि मोहर्लीच्या वाटेवर समोर नीलगाय आली तर ब्रेक करकचूनच लागतो.

आता जड पेट्या खाली घ्या. गुरुत्वमध्य ३५ सेंमीवर येतो. ४० सेंमीची बाजू गाडीच्या दिशेने करा. २० ÷ ३५ = ०.५७. बरं झालं, पण पुरेसं नाही. चळत मोडून तीन आणि दोन अशी करा, तीनच्या चळतीचा गुरुत्वमध्य २५ सेंमीपर्यंत उतरतो. २० ÷ २५ = ०.८. पैसा खर्च न करता स्थैर्य अडीचपट झालं. त्यावर दोरी बांधायचीच, आणि चळत केबिनच्या भिंतीला टेकवायची. उलटली नाही तरी ती घसरू शकते.

दुसरी खेप

पुढच्या वर्षी आम्ही 'छोटा हत्ती' करून पुन्हा मोहर्लीला गेलो. तेरा बाक उरले होते. रूममेट सोबत होता. ग्राइंडर त्यानेच पेटीतून काढला, गार्ड हाताने हलवून पाहिलं, डिस्क उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मग लावली. मी काही बोललो नाही.

शेवटच्या दिवशी साडेचारला पेट्या भरताना खालच्या पेटीत लाल खाचा दिसला. ग्राइंडरचा दोन खिळ्यांचा पाना नव्हता. गाडीवाला घाई करत होता. दहा मिनिटांत पाना सापडला, शाळेच्या पायरीजवळ गवतात. त्याच्याबरोबर चार स्क्रू आणि डिस्कचा एक तुकडाही सापडला. त्या पायरीवर पोरं अनवाणी खेळतात, आणि त्या गवतात गावची गुरं चरतात. गुराच्या पोटात खिळा गेला तर जनावर हातचं जातं. मागच्या वर्षी गोणीतून आम्ही काय काय मागे टाकून गेलो असू, या विचाराने तेव्हा पोटात गोळा आला.

त्या पाच पेट्या आता हॉस्टेलच्या स्टोअररूममध्ये आहेत. स्टाफपैकी कोणाला किंवा कुठल्या पथकाला हव्या असतील तर जरूर घेऊन जा. अट एकच. परत आणाल तेव्हा झाकण लावण्याआधी आत एकदा पाहा. लाल दिसलं तर झाकण लावू नका.