फॉर्मच्या तळाला टाकलेली शाखा

सीईटीचा निकाल लागला की समुपदेशकांचे फोन थांबत नाहीत, आणि दरवर्षी प्रश्न तोच असतो. "कॉम्प्युटर मिळेल ना? निदान एआय तरी?" कॅप फेरीच्या फॉर्मवर वरचे सगळे पर्याय संगणकाचेच. मेटलर्जी भरली असेल तर अगदी तळाला, तीही जागा रिकामी राहू नये म्हणून. तिथे काय शिकवतात, हे घरात कुणी विचारलेलंही नसतं.

ज्या मुलीला कोडिंगची खरी गोडी आहे, तिने खुशाल तिकडे जावं. पण सायकलची साखळी का गंजली, कुकरचं हँडल का तुटलं, यात तासन्‌तास रमणाऱ्या मुलाला शेजाऱ्याच्या मुलाचं पॅकेज ऐकवून संगणकापुढे बसवणं हा सरळसरळ अन्याय आहे. चार वर्षांची फी आईवडील भरतात. चाळीस वर्षांचं काम मात्र त्या मुलालाच करायचं असतं.

अशा मुलासाठी एक काम आहे, त्याचं नावही कुणी काढत नाही: गाडीच्या क्रोमची परीक्षा. पुढच्या जाळीवर, दाराच्या हँडलवर जे चकाकतं, ते क्रोम बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. केस त्याच्या शंभरपटीहून जाड. गंज रोखायचं मुख्य काम त्याखालचं निकेल करतं. चांगल्या प्लेटिंगमध्ये त्याचे दोन थर असतात. वरच्या चकचकीत थरात किंचित गंधक असल्यामुळे तो आधी झिजतो आणि गंज आडवा पसरतो, खाली उतरत नाही. स्वतः झिजून खालच्याला वाचवणारा थर!

हे सगळं खरंच टिकतं का, ते ‘कास’ चाचणीत कळतं. बंद चेंबरमध्ये सुमारे 50 अंश सेल्सिअसला मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात. त्यात ॲसेटिक ॲसिड आणि थोडं कॉपर क्लोराइड मिसळलेलं असतं. ठरलेले तास भरले की झाकण उघडतं, आंबूस वाफ नाकात शिरते. पार्ट पाण्याखाली धुऊन दिव्याखाली तिरका धरायचा. तांबूस ठिपका दिसला तर गंज पोलादापर्यंत पोचला. पांढरी भुकटी दिसली तर खालचं जस्त उघडं पडलं. प्लास्टिकच्या पार्टवर फुगा आला तर थराने पकड सोडली. त्या ठिपक्यावर अख्खा लॉट अडतो. इथे पाठांतर कामाला येत नाही, नजर लागते.

चाचण्या घडल्याही अनुभवातूनच. अमेरिकेच्या थंड भागात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. साध्या मीठ-फवाऱ्यात पास झालेले बंपर तिथल्या खारट चिखलात गंजू लागले, तेव्हा अभ्यासकांनी चिखलच प्रयोगशाळेत आणला. केओलिन मातीत तांबं, लोखंड आणि अमोनियमचे क्षार कालवून तो लेप पार्टवर फासायचा आणि दमट चेंबरमध्ये 20 तास ठेवायचा. हीच ‘कॉरोडकोट’ चाचणी.

वाटा सरळ आहेत. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रोप्लेटर ट्रेड किंवा मेटलर्जीचा डिप्लोमा. बारावीनंतर बीएस्सी केमिस्ट्री, पुण्याचं सीओईपी, किंवा जेईईतून नागपूरचं व्हीएनआयटी. संशोधनाची ओढ असेल तर विद्युत-रसायनशास्त्राला वाहिलेली तमिळनाडूतल्या कराईकुडीची ‘सेक्री’ आहे. चाकण, भोसरी, वाळूजचा पट्टा तर गाड्यांच्या सुट्या भागांवरच उभा आहे.

सुरुवातीचा पगार आयटीतल्या मोठ्या आकड्यांसारखा नसतो, आणि हे मुलापासून लपवू नये. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. प्लेटिंगच्या टाकीतलं षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपात 2017 पासून ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. म्हणून उद्योग त्रिसंयुजी क्रोमकडे वळतो आहे. त्याचा रंग वेगळा, गंजण्याची तऱ्हाही वेगळी, त्यामुळे परीक्षा नव्याने घ्यावी लागते.

पालकांनी फॉर्म लॉक करण्याआधी मुलाला घेऊन एखाद्या टेस्टिंग लॅबची परवानगी काढावी आणि चेंबर उघडायच्या वेळी तिथे हजर राहावं. प्लेटिंग शॉप बघायला मिळालं, तर टाकीवरचा धूर ओढणारा पंखा चालू आहे का, कामगारांच्या हातात मोजे आहेत का, हेही पाहावं. मग थोडं मागे सरकून मुलाला तो पार्ट स्वतःच्या हाताने दिव्याखाली फिरवू द्यावा.