हेदवीची बामणघळ : एका भेगेचा अभ्यास

आपल्या मोताळा परिसरात विहीर खोदताना प्रथम माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. त्या पाषाणाला जेथे भेग असेल तेथेच पाणी झिरपते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वारंवार वाहून आलेल्या लाव्ह्याचे थर थंड झाले, आकसले आणि तडकले. त्या तड्यांवरच आजही आपल्या विहिरी अवलंबून आहेत. हाच पाषाण पश्चिमेकडे सलग पसरत जाऊन अरबी समुद्रात उतरतो. तेथे भेगेचे काय होते, हे पाहण्यासाठी आम्ही शिक्षक व विद्यार्थी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, हेदवी येथे गेलो होतो.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर करीत पोहोचलो, तेव्हा ओहोटी होती. उमा-महेश्वराच्या मंदिराजवळ काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर दिसली. हीच बामणघळ. कोणी एक ब्राह्मण तीत पडला म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. तळाशी पाणी नुसते गुळगुळत होते. विद्यार्थ्यांचा हिरमोड झाला. खरे तर आमचाही.

भूगोलाच्या पुस्तकात सागरी कडा, तरंगघर्षित मंच, सागरी गुहा हे शब्द आपण पाठ करतो. लाट कातळावर आपटते तेव्हा भेगेतील हवा दाबली जाते, लाट मागे सरताच ती एकदम मोकळी होते. वाळू व गोटे भिंती घासत राहतात. असे सतत घडून भेगेची घळ होते. गुहेचे छत फुटून वर छिद्र पडले, तर त्यातून पाणी कारंज्यासारखे उसळते. बामणघळ मात्र वरून उघडी आहे. येथे आत शिरलेल्या लाटेला दोन्ही भिंतींमुळे पसरता येत नाही. पुढे वाट नाही, मागून पाण्याचा रेटा आहे. उरते ती वरची दिशा.

भरती-ओहोटीचे चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचे असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. हे सर्व आम्ही वर्गात शिकवून आलो होतो. भरतीची वेळही टिपून ठेवली होती, पण ती केवळ तुषार केव्हा दिसतील एवढ्यासाठी. हीच आमची चूक. पाणी चढू लागले तरी काही मुले घळीच्या कडेला ओणवी होऊन पाहत होती. तेथून जाणारे एक वृद्ध मच्छीमार थांबून म्हणाले, "पाणी भरायला लागलंय, पोरांना मागे घ्या." आम्ही हाका मारेपर्यंत दोन-चार लहान लाटा येऊन गेल्या होत्या आणि मुलांना धीर आला होता. मग एक मोठी लाट आली. तोफेसारखा आवाज झाला, पांढरा स्तंभ डोक्यावरून उंच गेला आणि खाली कोसळला. एक विद्यार्थी शेवाळावरून घसरला. सोबत्याने त्याचा दंड धरला. गुडघे खरचटण्यावर निभावले. तो स्तंभ किती उंच होता, हे मोजण्याचे आम्ही ठरवले होते. कोणीही मोजले नाही.

त्यानंतर आम्ही कातळ वेगळ्या नजरेने पाहिला. ओला, शेवाळलेला, काळाभोर भाग समुद्राच्या वहिवाटीतला; जेथे कातळ कोरडा आणि फटीत गवत उगवलेले, तेथे उभे राहून पाहावे. पुढे भरतीच्या ऐन वेळी आम्ही तेथूनच दीड तास पाहत बसलो. प्रत्येक लाटेला पाणी उसळत नाही, हेही तेव्हाच ध्यानात आले.

परतल्यावर घसरलेल्या त्याच विद्यार्थ्याने विहिरीच्या भिंतीतील भेगांचे चित्र वहीत काढले. त्याने भेगेतून येणाऱ्या पाण्याला बाण दाखवला होता. नळगंगेतून पूर्णा, पूर्णेतून तापी आणि तापीतून अरबी समुद्र, असा तो बाण त्याने पानाच्या कडेपर्यंत नेला होता.