गावच्या वनाची नोंद : वृक्षसमाज कसा ओळखावा

वन म्हणजे केवळ झाडांची गर्दी नव्हे. जमीन, पाऊस, उतार, वणवा व गुरांची चराई यांना अनुसरून ठराविक वृक्ष, झुडुपे व गवते एकमेकांच्या सोबतीने वाढतात. अशा सोबतीस वनस्पतिशास्त्रात समाज असे म्हणतात. गावालगतच्या वनाचा समाज ओळखून त्याची लेखी नोंद ठेवणे हे काम आता केवळ वनाधिकाऱ्यांचे राहिलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास तो २००९ साली मिळाला. ज्याच्या हाती व्यवस्थापन आले, त्याला आपल्या वनात काय आहे हे सांगता आले पाहिजे.

महाविद्यालयात असता आम्ही जी विदेशी पुस्तके वाचली, त्यांत ओक व मॅपल यांच्या वनांचे उदाहरण हटकून असे. हे वृक्ष आपल्याकडील नसल्याने त्या वेळी ते पाठ कंटाळवाणे वाटले. परंतु त्यांतील एक गोष्ट पुढे उपयोगी पडली. अमेरिकेच्या पूर्व भागात वणवे आटोक्यात आणल्यानंतर कित्येक ठिकाणी ओकच्या सावलीत ओकची रोपे टिकेनाशी झाली व सावली सोसणारा मॅपल खालून वाढू लागला. वर पाहणाऱ्यास ते ओकचे वन दिसे. खाली पाहणाऱ्यास पुढील पिढीचे मॅपलचे वन दिसे. म्हणून वनाचे वर्णन उंच झाडांवर थांबवू नये.

हा धडा मी स्वतः चूक करून शिकलो. एका गावच्या डोंगरउताराची पाहणी मी रस्त्यावरूनच केली व 'विरळ साग, उतार मोकळा, लागवडीस योग्य' असा शेरा लिहिला. खड्डे खणावयास आरंभ झाल्यावर गावातील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "साहेब, वर पाहिलंत, खाली पाहिलंत का?" खाली वाकून पाहता गवतात धावडा व ऐन यांचे जुने बुडखे जागोजाग जिवंत होते. गुरे दरवर्षी त्यांचे धुमारे खात असल्याने ते गुडघ्याच्या वर कधी आलेच नव्हते. आमच्या कुदळींनी त्यांतील पुष्कळ उपटले गेले होते. त्या उताराला रोपांची गरज नव्हती, चराईबंदीची होती.

महाराष्ट्रातील वनांचे ढोबळ प्रकार ग्रामकार्यकर्त्यांना ठाऊक असावेत. सह्याद्रीच्या माथ्यावर, विपुल पावसाच्या महाबळेश्वर भागात, जांभूळ, अंजनी व पिसा यांचे बुटके सदाहरित वन आहे. कोकणच्या उतारावर ऐन, किंजळ, नाणा व कुंभा हे पानझडी वृक्ष आढळतात. मेळघाट, ताडोबा या बाजूस सागाचे प्राबल्य असून त्याच्या सोबतीस ऐन, धावडा, तेंदू व बांबू असतात. खानदेश व पर्जन्यछायेच्या प्रदेशात अंजन, सालई, खैर, हिवर व बोर यांची खुरटी वने आहेत. चँपियन यांनी १९३६ साली केलेले व सेठ यांच्यासह १९६८ साली सुधारलेले भारतीय वनांचे वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. त्यात १६ मुख्य गट आहेत. परंतु एवढे मोठे वर्गीकरण एका गावच्या टेकडीस पुरत नाही. एकाच टेकडीवर खोल, निचऱ्याच्या जमिनीत साग, ओलसर चिकण मातीत ऐन व उथळ, खडकाळ उतारावर धावडा असे तीन समाज असू शकतात. म्हणून नोंद टेकडीगणिक नव्हे, जमिनीच्या प्रतीगणिक करावी.

नोंदीसाठी दोरी, मोजपट्टी व वही एवढेच साहित्य लागते. वनाच्या कडेपासून आत सरळ चालावे व दर ५० पावलांवर १० मीटर लांब व तितकाच रुंद असा चौकोन दोरीने आखावा. चांगली दिसेल ती जागा निवडण्याचा मोह होतो, तो टाळावा. चौकोनातील प्रत्येक वृक्षाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, मोजावा. उतारावर मोजमाप वरच्या बाजूने घ्यावे. ३० सें. मी. व त्याहून अधिक घेराचे ते वृक्ष समजावे. त्याखालील रोपे व बुडख्यांचे धुमारे यांची गणती निराळ्या रकान्यात ठेवावी. चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ मीटरच्या लहान चौकोनात झुडुपे व १ मीटरच्या चौकोनात गवते पाहावी. नव्या चौकोनात नवी जात सापडेनाशी झाली की त्या समाजापुरते काम झाले.

समाजास नाव देताना केवळ संख्येवर विसंबू नये. प्रत्येक झाडाच्या घेराचा वर्ग करून जातवार बेरीज करावी. ९० सें. मी. घेराचा एक साग या हिशेबाने ३० सें. मी. घेराच्या ९ धावड्यांच्या बरोबरीचा भरतो. ज्या दोन जातींची बेरीज सर्वाधिक, त्यांचे नाव समाजास द्यावे व खाली काय आहे तेही जोडावे. जसे, 'साग-ऐन वन, खाली कारवी' किंवा 'साग-धावडा वन, खाली घाणेरी'. हे दुसरे नाव वाचताच घाणेरी काढण्याचे काम प्रथम हाती घ्यावे लागेल हे जाणत्यास कळते.

नावांविषयी सावध असावे. खानदेशातील अंजन व महाबळेश्वरची अंजनी हे सर्वस्वी भिन्न वृक्ष आहेत. पहिल्याचे पान आपट्याप्रमाणे जोडपानाचे, तर दुसरीचे साधे व चिवट असते, आणि तिला निळी फुले येतात. उलट विदर्भातील तेंदू व पश्चिमेकडील टेंभुर्णी हा वृक्ष एकच. शंका आल्यास फांदी दाबून वहीत ठेवावी. पाने नसताना सालीवरून ओळख पटते : ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, धावड्याची गुळगुळीत व पांढुरकी. सागाचे कोवळे पान चुरडल्यास बोटे लाल होतात.

पाहणी पावसाळा सरताच, गवते फुलावर असताना करावी. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर दगड रोवून त्यांना चुना लावावा व जागा नकाशावर मांडावी. चराईबंदीनंतर तिसऱ्या वर्षी त्याच चौकोनांत पुन्हा मोजणी करावी. त्या वेळी वृक्षांचे रकाने बहुधा जवळजवळ पूर्वीसारखेच असतील. धुमाऱ्यांचा रकाना आधी पाहावा.