आमराची तहान
(घरी ऑर्किड वाढविताना पाणी कसे घालावे?)



घरी हौसेने लावलेले झाड मरते, त्याची कारणे बहुधा दोनच असतात. एक तर त्याच्याकडे दुर्लक्ष होते, नाही तर त्याची फाजील काळजी घेतली जाते. अंगणातील अबोली, जास्वंद, मोगरा ही झाडे बहुतकरून पहिल्या कारणाने मरतात. ऑर्किड मात्र प्रायः दुसऱ्या कारणाने मरते. जत्रेतून किंवा रोपवाटिकेतून आणलेले ते देखणे झाड आपण कुंडीत लावतो, त्याच्या मुळाशी चांगली काळी माती दाबून भरतो, आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घालतो. दोन महिने जातात, पाने सुरकुततात, मग पिवळी पडतात आणि एके दिवशी झाड बुडापासून अलगद हातात येते. तेव्हा घरची वडील मंडळी म्हणतात, "आमच्या हाताला हे झाड लाभत नाही." वस्तुतः हाताचा काही दोष नसतो. ते झाड मूळचे कोठले आणि रानात ते पाणी कसे पिते, एवढे समजून घेतले तर आपले हातही त्याला लाभतात. तेच समजून घेण्याचा या लेखात प्रयत्न करू.

बांडगूळ नव्हे, पाहुणा

ऑर्किडाला मराठी वनस्पतिशास्त्रात 'आमर' असे नाव आहे. जगात या कुलाच्या सुमारे २८,००० जाती असून त्यांपैकी साडेबाराशेच्या आसपास भारतात आढळतात. काही आमरे जमिनीत वाढतात; परंतु घरी टांगण्यासाठी आपण जी आणतो, ती बहुतेक झाडांच्या फांद्यांवर राहणारी असतात. गोव्याच्या पूर्वेकडील सह्याद्रीच्या रानात आंबा, फणस, किंवा ज्याला इकडे माट्टी आणि घाटावर ऐन म्हणतात त्या वृक्षाच्या खोडावर ही आमरे दिसतात. मे-जूनच्या सुमारास 'सीतेची वेणी' फुलते, तेव्हा पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे घोस फांदीवरून खरोखरच गजऱ्यासारखे लोंबतात. शास्त्रज्ञ हिला 'ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा' म्हणतात. दूर आसामात हेच फूल 'कपौ फूल' या नावाने ओळखले जाते. बिहूच्या सणात तेथील मुली ते केसांत माळतात. ते त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे.

झाडावर उगवते म्हणून पुष्कळांना आमर हे बांडगूळ वाटते. हा गैरसमज फार जुना आहे. संस्कृतात 'वंदा' म्हणजे बांडगूळ. कोशकारांनी त्या शब्दाचे पर्याय देताना 'वृक्षादनी' म्हणजे झाड खाणारी आणि 'वृक्षरुहा' म्हणजे झाडावर उगवणारी, असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. पुढे युरोपीय पंडितांनी हाच 'वंदा' शब्द उचलून आमरांच्या एका मोठ्या प्रजातीला 'व्हँडा' हे नाव दिले, आणि एका निरपराध वनस्पतीच्या कपाळी बांडगुळाचे नाव कायमचे बसले! बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या शरीरात घुसवून त्याचा रस शोषते. आमर तसे काही करीत नाही. ते सालीला नुसते धरून राहते. अन्न ते स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते, आणि पाणी घेते ते पावसाचे, दवाचे आणि सालीवरून ओघळणारे. यजमानाकडून ते मागते एवढेच, की बसावयास जागा द्यावी. तेव्हा आमर हे 'वृक्षरुहा' खरे, 'वृक्षादनी' नव्हे.

मुळांचा पांढरा अंगरखा

आता या पाहुण्याच्या पाणी पिण्याच्या रीतीकडे वळू. फांदीवर माती नसते. पाऊस आला की मुळे चिंब होतात, आणि पाऊस थांबून वारा सुटला की थोड्याच तासांत सुकतात. त्यामुळे पाणी मिळेल तेव्हा ते झटकन टिपून घेण्याची सोय आमराच्या मुळांत असावी लागते. ती सोय म्हणजे मुळाभोवतीचे पांढुरके, जाड आवरण. त्यास 'व्हेलामेन' असे म्हणतात. हे आवरण मृत, पोकळ पेशींचे बनलेले असते. कोरडे असताना त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी-पांढरे दिसते. पाणी पडताच टिपकागद शाई टिपतो तसे हे आवरण पाणी टिपते, पारदर्शक होते, आणि आतील हिरवा थर बाहेरून दिसू लागतो. याचा अर्थ असा, की आमराची मुळे आपल्याशी रंगांच्या भाषेत बोलतात. रुपेरी मूळ म्हणते, "मला तहान लागली आहे." हिरवे मूळ म्हणते, "माझे पाणी पिऊन झाले आहे. आता मला वारा हवा."

वारा का हवा, हेही पाहू. मुळेही श्वास घेतात; त्यांना प्राणवायू लागतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. दाबून भरलेल्या ओल्या मातीत पोकळी उरतच नाही. सर्वत्र पाणी भरून राहते. अशा कुंडीत आमराची मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशी व जिवाणू चढाई करतात. म्हणजे आमर पाण्याच्या आधिक्याने मरते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. हवेच्या अभावाने ते मरते, असे म्हणणे अधिक योग्य.

हा धडा शिकावयास युरोपातील मोठमोठ्या उद्यानपालांनाही बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात उष्ण प्रदेशांतील आमरे जहाजांनी येऊ लागली. उष्ण देशचे झाड म्हणजे त्याला उकाडा आणि दमटपणा हवा, असा तर्क करून तेथील माळी त्यांना बंद, कोंदट काचघरांत ठेवीत. आणि ती झाडे मोठ्या संख्येने मरत. १८३० नंतरच्या दशकात चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरांत मोकळी हवा खेळती ठेवण्यावर भर दिला, तेव्हा चित्र पालटू लागले.

पानाची सुरकुती आणि तिचे दोन अर्थ

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. आमराची पाने सुरकुतली, मऊ पडली, की आपण समजतो त्याला पाणी कमी पडते आहे, आणि आणखी पाणी घालतो. परंतु सुरकुतलेल्या पानाची कारणे दोन असून ती परस्परविरुद्ध आहेत. एक, पाणी खरोखरच कमी पडते. दुसरे, पाणी इतके झाले आहे की मुळे कुजून गेली. आता भोवती पाणी असूनही ते वर पोहोचविणारे कोणी उरलेले नाही. पाने दोन्ही वेळा सारखीच दिसतात. दुसऱ्या प्रसंगी घातलेला प्रत्येक तांब्या म्हणजे बुडणाऱ्यास पाणी पाजण्यासारखे आहे.

मग निवाडा कसा करावा? साक्ष मुळांची घ्यावी. कुंडीतून झाड हलकेच काढून मुळे बोटांनी चाचपावी. मुळे टणक आणि रुपेरी असतील, तर झाड तहानलेले आहे. त्याला भरपूर पाणी द्यावे. मुळे तपकिरी, पोकळ आणि मऊ असतील, ओढताच साल निसटून आतील दोरा हाती येत असेल, तर ती कुजली आहेत. अशा वेळी स्वच्छ, धारदार कात्रीने कुजका भाग कापून टाकावा, झाड एक-दोन दिवस सावलीत कोरडे ठेवावे आणि नव्या, मोकळ्या भरणात लावावे. दोन-चार चांगली मुळे शिल्लक असली, तरी झाड बहुधा वाचते.

आधी कुंडी सुधारावी, मग पाणी

पाणी घालण्याची रीत सुधारावयाची, तर आरंभ कुंडीपासून केला पाहिजे. कारण पाणी कितीही जपून घातले, तरी कुंडीतून ते निघून जाण्यास वाट नसेल तर सारे व्यर्थ होय. माती मुळीच वापरू नये. लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे किंवा जुन्या कौलांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, एवढे साहित्य पुरेसे आहे. आणि ते आपल्याकडे घरोघरी मिळते. सोडण वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवावे व ते तांबूस पाणी बदलीत जावे. कोळसा आणि वीट कुजत नाहीत. सोडण मात्र दोनेक वर्षांत कुजून चिखलासारखे होते, म्हणून ते तेव्हा बदलावे. कुंडीला तळाशीच नव्हे, तर बाजूंनाही भोके असावीत. लाकडी पट्ट्यांची टोपली किंवा भोके पाडलेली मोठी करवंटीही चालते. व्हँडासारख्या झाडाला तर भरणाचीही गरज नसते. मुळे मोकळी लोंबत ठेवून ते नुसते टांगले तरी वाढते. अंगणात आंब्याचे झाड असेल, तर काथ्याच्या दोरीने आमर त्याच्या खोडावर बांधावे, हा सर्वांत उत्तम उपाय.

पाणी केव्हा आणि किती?

"आठवड्यातून किती वेळा पाणी घालावे?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला एका आकड्याने उत्तर देता येत नाही. आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले महिने जवळजवळ कोरडे. रानातले आमर या ऋतुचक्राला सरावलेले असते. म्हणून आपले पाणीही ऋतूप्रमाणे बदलले पाहिजे. त्यासाठी पुढील नियम ध्यानात ठेवावेत :

१. पाणी घालण्यापूर्वी मुळांचा रंग पाहावा. रुपेरी असतील तरच पाणी द्यावे. मुळे दिसत नसतील, तर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. ओली कुंडी आणि कोरडी कुंडी यांतला फरक चार दिवसांत हाताला कळू लागतो.

२. द्यावयाचे तेव्हा पोटभर द्यावे. घोट-घोट पाणी वरचेवर घालण्यापेक्षा झारीने सावकाश असे पाणी घालावे, की सर्व मुळे हिरवी होतील आणि तळातून पाणी वाहून जाईल. कुंडीखाली बशी ठेवून तीत पाणी साचू देऊ नये.

३. पाणी सकाळी घालावे, म्हणजे दिवसाच्या वाऱ्या-उन्हाने पाने कोरडी होतात. ज्या आमरांची पाने मध्यभागी पेल्यासारखी मिळालेली असतात, त्या जागी रात्रभर पाणी साचले तर कोंबच कुजतो. बाजारात मिळणाऱ्या फॅलिनॉप्सिसच्या बाबतीत हे विशेष जपावे. पाणी साचलेच, तर कापसाने किंवा फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावे.

४. उन्हाळ्यात उघड्या मुळांच्या व्हँडाला रोज, वेळप्रसंगी दोनदा पाणी लागते. कुंडीतील झाडाला एक-दोन दिवसांआड पुरते. पावसाळ्यात झाडावर बांधलेल्या आमराची चिंता नको. पण कुंड्या पागोळीच्या धारेतून काढून पडवीत, वारा लागेल अशा ठिकाणी टांगाव्या, आणि मुळे सुकली तरच पाणी द्यावे.

५. खत द्यावयाचे तर अगदी पातळ करून द्यावे. डब्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथाईने पुरते. आधी साध्या पाण्याने मुळे ओली करावीत, मग खताचे पाणी घालावे. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन काढावी, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. पावसाचे साठविलेले पाणी सर्वांत चांगले.

या नियमांना एक पुरवणी जोडली पाहिजे. डेंड्रोबियम या प्रजातीतील काही आमरे कोरड्या ऋतूत पाने गाळून टाकतात. आपल्या सह्याद्रीतील डेंड्रोबियम बार्बाट्युलम हे त्यांपैकीच एक. पावसाळ्यात ते आपल्या फुगीर खोडांत पाणी आणि अन्न साठविते, हिवाळ्यात निष्पर्ण होते, आणि त्या वाळक्या दिसणाऱ्या काड्यांवरच पुढे शुभ्र फुलांचे झुबके येतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो झाड मेले समजून उकिरड्यावर टाकतो, नाही तर जगविण्यासाठी पाण्याचा मारा करून खरोखरच मारतो. त्या काळात काड्या फार सुरकुतू नयेत इतपत क्वचित शिंपडा पुरे. विश्रांती हीसुद्धा वाढीचीच एक अवस्था आहे.

रानातून आणू नये

शेवटी एक कळकळीची विनंती. सहलीला गेलो की फांदीवरचे आमर ओरबाडून घरी आणण्याचा मोह होतो. त्यापूर्वी त्या झाडाचे वय मनात आणावे. आमराचे बी धुळीच्या कणाएवढे असते. त्यात अंकुराला पुरेल असा अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची सोबत लाभली तरच ते रुजते. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये हे रहस्य उलगडले. लक्षावधी बियांतून एखादे रुजते, आणि रुजल्यावर फूल येण्यास कित्येक वर्षे जातात. आपण जे झाड पाच मिनिटांत ओरबाडतो, ते घडविण्यास रानाने एवढी वर्षे वेचलेली असतात. शिवाय अभयारण्यातून परवानगीवाचून वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. रोपवाटिकांत वाढविलेली डेंड्रोबियमे आणि व्हँडा माफक किमतीत मिळतात, आणि रानातून उपटलेल्या झाडापेक्षा ती आपल्या घरी अधिक सुखाने नांदतात.

विद्यार्थ्यांनी एक लहानसा प्रयोग अवश्य करावा. घरी आमर असेल त्याने एक वही घालावी, आणि महिनाभर रोज सकाळी तीत चार गोष्टी टिपाव्या : मुळांचा रंग, कुंडीचे वजन, हवा कोरडी की दमट, आणि पाणी घातले की नाही. महिन्याच्या शेवटी ती पाने वाचली, म्हणजे आपल्या घराच्या पडवीत, आपल्या त्या कुंडीला किती दिवसांनी तहान लागते, हे तिच्यावरूनच कळेल. ते उत्तर दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण आपली पडवी त्या पुस्तककाराने पाहिलेली नसते.

आपल्या मनाला वाटेल तेव्हा पाणी देणे सोपे आहे. दुसऱ्याला तहान लागेपर्यंत थांबणे कठीण. आमर आपल्याकडून हे थांबणे शिकून घेते, आणि ज्याला ते साधले, त्याला फुलांनी परतफेड करते.