मुखेडहून शिकागोला येणाऱ्यांसाठी

शिकागोची लोकसंख्या विचारली की दोन आकडे कानावर येतात. 2020च्या जनगणनेत खुद्द शहर साडेसत्तावीस लाखांचं. भोवतालची उपनगरं धरली की 90 लाखांच्या पुढं. आपलं ऑफिस यातल्या कुठल्या भागात पडतं ते आधी बघा, मग घर शोधा. आपली पोराबाळांची कुटुंबं बहुतेक नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्गकडं. तिथं शाळा चांगल्या, पण घरपट्टी जड. रोज डाउनटाऊनला जायचं असेल तर मेट्रा रेल्वेच्या स्टेशनजवळच राहा. पहिल्याच बर्फात हायवेवर गाडी शिकायचा हट्ट नको.

शहरात जुन्या इमारतीत भाड्यानं राहणार असाल तर हीटिंग भाड्यात आहे का, हे सहीआधी विचारा. असेल तर 15 सप्टेंबर ते 1 जून दिवसा किमान 68 फॅरनहाइट, म्हणजे 20 सेल्सिअस, राखणं घरमालकावर शहराच्या कायद्यानं बंधनकारक आहे. पगारातून इलिनॉय राज्याचा सरसकट 4.95 टक्के कर जातो, केंद्राचा वेगळा.

1950 साली या शहरात 36 लाख माणसं होती. लोक उपनगरांत पांगले, पोलाद कारखाने आटले, जनावरांचा प्रचंड बाजार 1971ला बंद पडला. आज बँका, विमा, दवाखाने, विमानतळ असं सगळंच थोडं थोडं आहे. म्हणून एक नोकरी गेली तरी दुसरी इथंच मिळू शकते. एच-वन-बी व्हिसावाल्यांनी मात्र नोकरी गेल्यावरची 60 दिवसांची मुदत डोक्यात ठेवावी.

माणसांची ओळख नसेल तर मराठी मंडळात जा. अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली इथंच स्थापन झालं.

आणि गावाकडून एक फोन हमखास येणार: "आज शिकागोत सोयाबीन काय निघालं?" धान्याच्या वायद्यांचं 1848चं बोर्ड ऑफ ट्रेड इथलंच, आणि लातूरच्या आडतीवरही त्याच्या भावाची चर्चा असते. बोर्डाचा भाव बुशेलवर. सोयाबीनचा बुशेल म्हणजे 60 पौंड, सुमारे 27 किलो. पण लातूरचा भाव खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर अन् पेंडीच्या मागणीवरही हलतो. तेव्हा इथला आकडा सांगा; माल विकावा की घरात ठेवावा, ते वडिलांना ठरवू द्या.