बरं वाटण्याची वाट पाहू नका

आधी तपासणी करून घ्या. छातीत धडधड, श्वास पुरत नाही असं वाटणं, हातापायांना मुंग्या, डोकं हलकं होणं हे सगळं चिंतेच्या झटक्यात होतं. पण हृदयाच्या दुखण्यातही यातलं बरंच होतं. म्हणून पहिल्यांदा असं झालं तर ‘टेन्शन असेल’ असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. ईसीजी काढा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर पाहून घ्या. थायरॉईड वाढलेलं असलं तरी काळीज असंच धावतं आणि हात असेच थरथरतात. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सरळ सायकियाट्रिस्टकडे जायला सांगितलं.

एकदा तपासणी झाली की मात्र थांबा. हे जास्त अवघड आहे. रिपोर्ट हातात पडला की चार दिवस हलकं वाटतं, मग मनात येतं, त्यांच्या नजरेतून काही सुटलं असेल तर? पुन्हा ईसीजी, पुन्हा नाडी मोजणं. करोनानंतर घरोघरी ऑक्सिमीटर पडून आहेत. चिंतेचा आजार असलेल्या माणसाच्या उशाशी ते नको. आकडा पाहून मिळालेला धीर तासाभरात ओसरतो आणि पुढच्या वेळी मन तोच आकडा आधी मागतं.

मी डोंबिवलीची. नोकरी फोर्टात. पहिला झटका जलद लोकलमध्ये आला, दिवा सोडल्यावर. तेव्हा जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. 1916 साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा तो बोगदा. लेडीज डबा खच्चून भरलेला, ठाण्यापर्यंत उतरायला जागा नाही, आणि मला खात्री झाली की आपण आता मरणार. ठाण्याला उतरल्यावर ते ओसरलं. दुसऱ्या दिवशीपासून मी धीमी लोकल धरली, कारण तिला मध्ये मुंब्रा आणि कळवा आहे, उतरता येतं. मग धीम्या लोकलमध्येही दाराजवळचीच जागा हवी झाली. मग गर्दीची वेळ टाळणं, मग रजा, मग बाजारातसुद्धा कुणाला तरी सोबत नेणं. यातलं प्रत्येक पाऊल त्या दिवशी शहाणपणाचंच वाटत होतं. घरचेही म्हणत होते, झेपत नाही तर कशाला जातेस?

याबद्दल मला अगदी कळकळीनं सावध करायचं आहे. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच आजाराला खतपाणी घालतं. शरीर शिकतं की आपण उतरलो म्हणून वाचलो. तिथेच थांबलो असतो तरीही वाचलो असतो, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो. तो कायम तसाच चढता राहू शकत नाही. श्वास कमी पडतोय असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात आपण भराभर, गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं. म्हणून अशा वेळी मोठ्ठा श्वास ओढू नका, श्वास सोडणं लांबवा. तीनपर्यंत मोजून आत, सहापर्यंत मोजून बाहेर. याचा सराव रोज दुपारी, काहीही होत नसताना करा. न पोहलेल्या माणसाला पुरात पोहणं कुणी शिकवू शकत नाही.

समुपदेशकाबरोबर बसून मी एक जिना आखला. सगळ्यात खालची पायरी: भर दुपारी, रिकाम्या धीम्या लोकलनं कोपर, बरोबर नणंद. मग दिव्यापर्यंत. मग मुंब्र्यापर्यंत एकटी, नणंद पुढच्या डब्यात. मग ठाणं. मग सकाळची गर्दी. जलद लोकल शेवटी. अट एकच होती: भीती निम्मी उतरेपर्यंत डबा सोडायचा नाही, आणि ती किती आहे ते वहीत शंभरपैकी लिहायचं. काही दिवस मी वरच्या पायरीवरून खाली आले. समुपदेशक म्हणाल्या, उद्या तीच पायरी पुन्हा. तुमची भीती लिफ्टची असेल, फोन उचलण्याची असेल, लग्नकार्यात चारचौघांत बसून जेवण्याची असेल. पायऱ्या वेगळ्या होतील, रीत हीच. झटके वारंवार येत असतील तर हा जिना एकट्यानं आखू नका, जाणकाराकडून आखून घ्या.

अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे फार उपयोगी पडते. ‘मला भीती वाटताच कामा नये’ असा हट्ट मनातल्या मनात चाललेला असतो, तो आधी सोडवावा लागतो. भीती वाटली तर वाटो, मला ऑफिसला पोचायचं आहे, एवढं म्हणता आलं की निम्मा भार उतरतो. बरं वाटल्यावर बाहेर पडू असं ठरवणारा माणूस घरातच राहतो.

गोळ्यांविषयी स्पष्ट बोलायला हवं. शेजारपाजारी कुणी तरी ‘ही अर्धी घे, शांत झोप लागेल’ म्हणून अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम देतंच. गुण लगेच येतो, आणि धोकाही त्यातच आहे. या गोळ्यांची सवय लागते. डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी लिहून दिल्या तर घ्याव्यात, एरवी हात लावू नये. एस्सिटालोप्रामसारखी औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थपणा उलट वाढू शकतो. हे आधी माहीत नसलं की माणसं दुसऱ्याच आठवड्यात औषध सोडून देतात. बरं वाटायला लागलं म्हणूनही ती एकदम थांबवायची नसतात. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

रोजच्या दिवसात फार मोठं काही करावं लागत नाही. संध्याकाळी पाचच्या चहातलं जवळजवळ निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतं, तेव्हा दुपारनंतरचा चहा कमी करा. रिकाम्या पोटी तर चहा नकोच. कडक उपवासात होणारी थरथर आणि चिंतेची थरथर अंगाला सारखीच भासते. देवालाही भगर चालते, खाऊन घ्या. रात्री अंथरुणावर चिंता येतात, त्यांना संध्याकाळचा पाव तास नेमून द्या: खुर्चीत बसून, वहीत लिहून. रात्री आल्या की म्हणायचं, उद्या सहा वाजता. पहिले काही दिवस त्या ऐकत नाहीत, मग ऐकतात.

वाईट दिवसासाठी मात्र वेगळी यादी हवी, आणि ती चांगल्या दिवशीच लिहून फ्रिजवर लावायला हवी, कारण वाईट दिवशी काही सुचत नाही. माझ्या यादीत आंघोळ, वरणभात, कोपऱ्यापर्यंत चालणं आणि एकीला फोन एवढंच आहे. घर आवरणं त्यात नाही, कुणाशी हसून बोलणं नाही. एवढं झालं तर तो दिवस पार पडला असं मी मानते, आणि तुम्हीही मानावं.

घरच्यांसाठी दोन शब्द. ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणू नका. ते जमत असतं तर हा आजारच नसता. दर तासाला ‘ठीक आहेस ना?’ असा फोनही नको, प्रेमानं केलात तरी त्यातून संकट जवळ आहे असाच निरोप जातो. नणंद माझ्याशेजारी बसून म्हणायची, ‘घाबरायला होतंय ना, दिसतंय मला. मी आहे. पुढच्या स्टेशनपर्यंत बसू या.’ यापेक्षा चांगलं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

जगणं नको असा विचार डोकावला तर मात्र यादी, वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. ‘टेली मानस’ची 14416 ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास, मोफत चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं, जिवाला धोका वाटत असेल तर थेट रुग्णालय गाठा. खर्चाची काळजी असेल तर हेही माहीत असू द्या: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसीचे कागद एकदा नीट वाचा, शंका असेल तर कंपनीला लेखी विचारा, आणि दावा नाकारला तर कारणही लेखीच मागून घ्या.